रविवारी त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

"ताई, आम्ही दिघ्याला राहतो. माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आठ वर्षं पत्रा दाबायच्या यंत्रावर, पॉवर प्रेसवर, कामाला आहेत. गेल्या सप्टेंबरात (2025), अनंत चतुर्दशीच्या पुढच्या आठवड्यात, पत्रा काढायला हात आत घातला आणि पेडलवरचा पाय उचललेला असतानाही प्रेस परत पडली. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, मुळापासून गेली. वय चौतीस. पगार सोळा हजार, रोखीत. कधी कधी शेठचा मुलगा जीपेवर टाकायचा. अपॉइंटमेंट लेटर नाही, पीएफ नाही, काहीच नाही. सुपरवायझरने जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं आणि तिथे 'घरी लोखंडी दरवाजात बोटं सापडली' असं सांगितलं. बिल बासष्ट हजार झालं, ते शेठने भरलं. आता शेठ म्हणतात, माझ्याकडे विमा नाही, त्यामुळे भरपाई मिळत नाही, तरी माणुसकी म्हणून पन्नास हजार देतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून द्यायचं. रविवारी घरी येणार आहेत. कोर्टात गेलात तर गाळा विकून गावी निघून जाईन, असंही म्हणाले. वर म्हणतात, आमच्याकडे आठच माणसं, आम्हाला कुठला कायदा लागत नाही. मिस्टर सांगतात की दोन्ही पाळ्या धरून बारा-तेरा जण आहेत. पण ते कोर्टाला तयार नाहीत. म्हणतात, शेठचं मीठ खाल्लंय, बिल त्यांनी भरलं. चार महिने झाले, हात खिशात घालून बसतात, मुलालाही दाखवत नाहीत. मी ऐरोलीला चार घरची कामं करते. विमा नसेल तर खरंच काही मिळत नाही का? की सगळं सोडून जालन्याला गावी जाऊ?"

ताई,

रविवारी शेठ आले तर त्यांना चहा द्या, पण सही करू नका. मिस्टरांनाही करू देऊ नका. बाकी सगळं आपण नंतर सावकाश बघू, एवढं एक आधी पक्कं करा.

आता तुमचा प्रश्न. विमा नसेल तर भरपाई मिळत नाही, हे साफ चूक आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा आहे. त्यात जबाबदारी मालकावर टाकली आहे, विमा कंपनीवर नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला की भरपाई देणं मालकाच्या अंगावर येतं, आणि ते अपघात झाला त्याच दिवशी येतं. विमा असता तर ते पैसे कंपनीने भरले असते. विमा नाही, तर शेठ स्वतःच्या खिशातून भरतील. हप्ते वाचवले त्यांनी, आणि त्याची झळ तुमच्या घराला बसावी असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

ती सहीदेखील त्यांना वाटते तेवढी मोठी नाही. याच कायद्याच्या 17 व्या कलमात म्हटलं आहे की, कामगाराने आपला हक्क सोडून दिल्याचा किंवा कमी करून घेतल्याचा कुठलाही करार रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा नुकसानभरपाईच्या आयुक्तांकडे, म्हणजे कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे, नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. म्हणजे घाबरून आधीच कुठे सही झालेली असली, तरी दार बंद होत नाही. मग मी 'सही करू नका' असं का म्हणते? कारण त्या कागदावर फक्त 'तक्रार नाही' एवढंच नसतं. 'माझ्या चुकीमुळे', 'मी गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला लावलेलं संरक्षण) काढला होता', 'मी तिथे कामाला नव्हतो, भेटायला गेलो होतो' अशी वाक्यं मधेच घुसवलेली असतात. हक्क सोडल्याचा भाग रद्द होतो, पण ही वाक्यं पुढे उलटतपासणीत तुमच्याच तोंडावर फेकली जातात.

किती मिळायला हवं ते मांडून दाखवते, म्हणजे पन्नास हजारांची किंमत तुमची तुम्हालाच कळेल. हिशेबात पगाराची कमाल मर्यादा 15,000 धरतात, म्हणून सोळा हजार असूनही पंधराच धरायचे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. चौतीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचा गुणांक कायद्याच्या कोष्टकात 199.40 आहे. गुणाकार येतो 17,94,600. ही झाली पूर्ण, कायमच्या अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं परिशिष्टात ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे तुमचा आकडा 3,58,920 रुपये. हा गुणांक वयावरून ठरतो, म्हणून आधारवरची तारीख बरोबर आहे का ते बघा, आणि गावच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला मागवून ठेवा.

शेठनी भरलेले बासष्ट हजार यातून वजा होत नाहीत. उपचारासाठी दिलेला पैसा भरपाईत धरायचा नाही, असं कायद्याने स्पष्ट म्हटलं आहे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचाच असतो, 2010 पासून तो नियमच आहे. ड्रेसिंगला, रिक्षाला, औषधांना तुम्ही स्वतः घातलेले पैसेही लिहून काढा. यातला औषधोपचाराचा खर्च तुम्ही मागू शकता, बिलं मात्र हवीत. शिवाय अपघातानंतर महिन्याभरात भरपाई दिली नाही तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज लागतं. तुमच्या रकमेवर वर्षाला ते त्रेचाळीस हजारांच्या वर जातं. टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर आणखी 50 टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो.

मिस्टर प्रेसवरचे कारागीर आहेत आणि बोटं उजव्या हाताची गेलीत, तेव्हा 20 टक्क्यांवर अडून बसायचं की नाही, हे वकिलांशी जरूर बोला. सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली एका सुताराच्या प्रकरणात डावा हात कोपराच्या वरून गेला म्हणून शंभर टक्के नुकसान मान्य केलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. परिशिष्टात त्या दुखापतीचे टक्के कमी होते. दोन बोटांना शंभर टक्के मिळतील असं मी म्हणत नाही. पण त्यांना पुन्हा प्रेसवर बसता येतं का, काय उचलता येत नाही, काय पकडता येत नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेणं वाया जात नाही. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या, पण त्यावरचे टक्के शरीराचे असतात. कमाईचे टक्के वेगळे. दोन्हींची गल्लत करून 'प्रमाणपत्रावर एवढेच आलेत' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: दोन्ही पाळ्या धरून बारा-तेरा जण. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळा मामला तिथेच फिरतो. मागच्या बारा महिन्यांत एका दिवशीही कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा कायदा लागू होतो. ठेकेदाराची पोरं, पॅकिंगच्या बायका, हेल्पर, सगळे मोजायचे. रजिस्टरवर आठ नावं आहेत म्हणून माणसं आठ होत नाहीत. पगार 21,000 पर्यंत असलेला प्रत्येक जण त्यात येतो, मिस्टरही येतात.

शेठनी नाव नोंदवलं नाही, वर्गणी भरली नाही, मग कसं? ईएसआयच्या कायद्यात विमाधारक म्हणजे ज्याच्यासाठी वर्गणी देय आहे किंवा होती असा कामगार. 'भरलेली' असा शब्द नाही, 'देय' आहे. मालकाने भरली नाही हा त्याचा गुन्हा, पण कामगाराचा हक्क शाबूत राहतो. ईएसआयचं महामंडळ (ईएसआयसी) कामगाराला लाभ देतं आणि नंतर ते पैसे मालकाकडून वसूल करतं. कामावरच्या दुखापतीला अमुक इतके दिवस वर्गणी भरलेली असायला हवी, अशी अटही नाही. त्यात उपचार मिळतात. अंगावर जखम असताना कामावर जाता आलं नाही त्या काळाची भरपाई पगाराच्या साधारण 90 टक्के दराने मिळते. आणि कायमच्या अपंगत्वाची पेन्शन महिन्याला आयुष्यभर मिळते. मेडिकल बोर्डाने 20 टक्के धरले, तर सोळा हजारांच्या पगारावर ती महिन्याला 2,900 च्या आसपास जाईल. चौतीस वर्षांच्या माणसाला ती किती वर्षं मिळेल ते तुम्हीच मोजा. शेठ गाळा विकोत, गावी जावोत, त्या पेन्शनला धक्का लागत नाही. ईएसआय लागू होत नसेल, तर आपल्याकडे अशा कामगाराला सरकारने आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायचे, अशी सोय नाही. तेव्हा विमा न काढलेल्या मालकाविरुद्ध खरा आधार कुठला असेल तर ईएसआयचाच.

पण एक अट आहे. ईएसआय लागू होत असेल तर त्याच दुखापतीसाठी 1923 च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. दोन्ही हातात घेता येत नाहीत. म्हणून आधी डोकी मोजा. मिस्टरांनी एका कागदावर दोन्ही पाळ्यांतल्या सगळ्यांची नावं लिहून काढावीत: कोण कुठल्या यंत्रावर, कधीपासून, कोण सोडून गेलं आणि कधी. मग ते सगळं जोडून ईएसआयसीच्या तुमच्या भागातल्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पाहणीची मागणी करा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पाहणीत दहाच्या खालीच माणसं निघाली तर रस्ता सरळ कामगार न्यायालयाचा. महाराष्ट्रात नुकसानभरपाईचे आयुक्त म्हणून कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच काम बघतात. रबाळे आणि दिघा दोन्ही ठाणे जिल्ह्यात आहेत, त्यामुळे तुमचा अर्ज ठाण्यातच जाईल. (खारघर, कळंबोली, तळोज्याचे वाचक हे वाचत असतील तर ध्यानात ठेवा, पत्त्यात नवी मुंबई असली तरी जिल्हा रायगड आहे.) अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं धरून चला, म्हणजे सप्टेंबर 2027. ईएसआयसीचं उत्तर रेंगाळलं तर त्यात ही मुदत जाऊ देऊ नका. वर्षभरात निकाल लागला नाही तर वकिलांना सांगून न्यायालयात अर्ज टाकूनच ठेवा. तिथे शेठचे वकील उठून 'यांना ईएसआय लागू होतो' म्हणाले, तर दहा माणसं होती हे त्यांनीच कबूल केलं. ते लिहून घ्या आणि ईएसआयसीकडे न्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात गेले आहेत. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून तुमचा हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्यानेच मोजायचा. ज्यांचा अपघात त्या तारखेनंतरचा आहे त्यांनी वकिलांकडून नवी कलमं बघून घ्यावीत. घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही कामाशी संबंध असेल तर त्यात धरला आहे, एवढं सांगून ठेवते.

आता पुरावा. सगळ्यात जास्त घाम इथेच गाळावा लागणार आहे, कारण शेठ पहिलं वाक्य हेच म्हणतील की हा माझा माणूसच नव्हता. अपॉइंटमेंट लेटर नाही म्हणून घाबरू नका. रबाळे-महापे पट्ट्यात लहान गाळ्यांवर ते फार थोड्यांकडे असतं. जीपेचे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटवर छापून घ्या, शेठच्या मुलाचं नाव त्यावर येतं. सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, 'उद्या सकाळी लवकर ये', 'नाइटला थांब' असले साधे मेसेजसुद्धा जपून ठेवा. फोन बदलू नका, हरवू देऊ नका. दसऱ्याला मशीनची पूजा करताना काढलेला फोटो कुणाकडे असेलच, त्यात मिस्टर असतील. हजेरीच्या वहीचा, ॲडव्हान्सच्या चिठ्ठीचा फोटो कुणाकडे आहे का विचारा. आणि ते बासष्ट हजारांचं बिल! ते शेठच्या खात्यातून गेलं असेल तर त्याची पावती मिळवा. ओळखीपाळखीचा कुणी दरवाजात बोटं सापडलेल्या माणसाचं एवढं बिल भरत नाही, हे न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही.

सोबतच्या कामगारांना साक्षीला यायची भीती वाटणार, त्यांचीही पोटं तिथेच आहेत. त्यांच्यावर आज जबरदस्ती करू नका. नुसतं विचारून ठेवा. नोकरी सोडून गेलेला एखादा मिळाला तर उत्तम. गाळ्याबाहेर चहा देणारा माणूसही सांगू शकतो की हा रोज इथे असायचा.

केस पेपरवर लिहिलेलं 'घरी दरवाजात' हे वाक्य त्रास देईल, पण त्याने केस मरत नाही. नर्सिंग होमकडे लेखी अर्ज देऊन सगळे केस पेपर मागा: दाखल करतानाची नोंद, ऑपरेशनची नोंद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. मागितल्यापासून 72 तासांत ते द्यायला डॉक्टर बांधील आहेत. त्या कागदांवर 'हकिकत सांगणारा' म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. सुपरवायझरचं असेल तर ते तुमच्याच बाजूचं आहे: घरी अपघात झाला असता तर आणायला घरचं माणूस असतं, गाळ्याचा सुपरवायझर कसा? पुढच्या तपासणीला जिथे जाल, कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा वाशीच्या ईएसआय रुग्णालयात, तिथे खरं काय झालं ते मिस्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि तसं लिहून घ्यायला विनंती करावी.

शेठ कदाचित गार्डचं काढतील. कामगाराने मुद्दाम यंत्राचा सुरक्षा गार्ड काढला असेल तर मालक सुटू शकतो, हे खरं आहे. पण गार्ड मुळात होता हे आधी सिद्ध व्हावं लागतं. आणि उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच तो काढून ठेवला असेल, तर त्याला कामगाराचा मुद्दामपणा म्हणत नाहीत. तुम्ही लिहिलंय की पाय उचललेला असताना प्रेस परत पडली. हा यंत्राचा बिघाड आहे. आधीही असं झालं होतं का, कुणाला सांगितलं होतं का, हे मिस्टरांकडून आजच तारखांसकट लिहून घ्या, कारण वर्षभराने आठवणी पुसट होतात. नाहीतरी या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. नुसता निष्काळजीपणा तर कामगाराचा असला तरी भरपाई जात नाही.

शेठनी फुकट वैद्यकीय तपासणीला बोलावलं तर मात्र नाही म्हणू नका. विनाकारण नकार दिला तर हक्क तेवढा काळ थांबतो. तपासणीला जा, फक्त तिथे कुठल्या कोऱ्या कागदावर सही करू नका.

गाळा विकायच्या धमकीचं सांगते. भरपाई देणं बाकी असताना मालकाने मालमत्ता विकली, तर त्यातल्या जागेवर आणि गाळ्यावर त्या रकमेचा पहिला बोजा राहतो. घेणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. आयुक्तांनी ठरवलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे जप्तीपर्यंत जाता येतं. मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. मात्र गाळा शेठचा नसून भाड्याचा असेल, तर वसुलीला वेळ लागेल. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्यासाठीच ईएसआयसीचा रस्ता आधी बघा म्हणते.

वकील कसा परवडेल? तुम्हाला पैसे मोजायची गरज नाही. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे. औद्योगिक कामगार आणि स्त्रिया, दोघांनाही तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. 15100 वर फोन करून विचारता येतं. 'मिळेल त्यातले तीस टक्के द्या' असं म्हणणारे कुणी भेटले तर दूर राहा. वकिलाला निकालावर टक्का ठरवता येत नाही, ते त्यांच्या नियमांविरुद्ध आहे.

गावी जायचं म्हणता. हात बरा होईपर्यंत आठ-पंधरा दिवस जाऊन या. पण सगळं आवरून जाऊ नका, निदान ईएसआयसीची पाहणी होईपर्यंत तरी. कामगार परत गेला की प्रकरण मिटलं, याच हिशेबावर असे व्यवहार चालतात. कधी जावंच लागलं तरी अर्ज बुडत नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या आयुक्तांकडेही तो करता येतो.

आता मिस्टरांविषयी. हा भाग त्यांना स्वतः वाचायला द्या.

दादा, तुम्ही म्हणता शेठचं मीठ खाल्लंय. आठ वर्षं तुम्ही सोळा हजारांत प्रेस चालवलीत, तेव्हा मीठ दोघांनी एकमेकांचं खाल्लंय. त्यांनी बिल भरलं ते चांगलं केलं, त्याबद्दल त्यांना दोन शब्द चांगले बोला. पण कायद्याने जे त्यांच्यावर होतंच, ते त्यांनी केलं. बाकीचं मागणं म्हणजे त्यांच्याशी भांडण नाही. त्यांनी तुम्हाला परत कामावर घेतलं, अगदी हलक्या कामावर घेतलं, तरी तुमची भरपाई तुमचीच राहते, आणि ती मागितल्यानंतरही तुम्ही त्यांच्याशी नीट बोलू शकता. मी ठाण्याच्या कामगार न्यायालयात अशा कितीतरी माणसांसोबत बसले आहे. पहिल्या तारखेला जवळजवळ प्रत्येक जण हात रुमालात गुंडाळून येतो. साक्षीच्या दिवशी न्यायाधीश हात दाखवायला सांगतात. तो दिवस अवघड जातो, ते खोटं सांगणार नाही. म्हणून त्याआधी तो घरात दाखवा, मुलाला दाखवा. त्याला काय झालं ते माहीत आहे, तो फक्त तुम्ही सांगायची वाट बघतोय.

ताई, रविवारी शेठना एवढंच सांगा: जे द्यायचं ते कायद्याप्रमाणे, आयुक्तांपुढे नोंदवून द्या, आम्हाला भांडायचं नाही. घरखर्चासाठी हातउसने म्हणून त्यांनी काही दिलं तर घ्या, पण शक्यतो खात्यावर मागा आणि सही कशावरही नको. सोमवारी केस पेपरचा अर्ज नर्सिंग होमला, मंगळवारी नावांची यादी घेऊन ईएसआयसीला. दोन्ही अर्जांच्या तीन-तीन प्रती काढा आणि पोच घेतलेली प्रत घरात न ठेवता तुमच्या ऐरोलीच्या एखाद्या विश्वासाच्या बाईंकडे ठेवायला द्या. ईएसआयसीतून काय उत्तर आलं ते मला कळवा.